अन्वीचे साठ उतारे

अन्वी गाडेकर पास झाली त्या दिवशी मंदाकिनीबाईंच्या घशाखाली पेढा उतरेना.

पेढे तिच्या आईनंच आणले होते. प्रतीक्षा गाडेकर बाजार समितीत टोमॅटो निवडायच्या कामाला जायची. त्या दिवशी खाडा करून, ठेवणीतली साडी नेसून, लेकीचा हात धरून ती बाईंच्या ओट्यावर आली.

“अर्धा नाही बाई, अख्खा घ्या. तुमच्यामुळं झालं हे.”

“मला साखर आहे गं.”

“आजच्या दिवस साखरेला सांगा, उद्या ये म्हणावं.”

अन्वी आईच्या मागून पुढं आली आणि वाकून पाया पडली. अकरावं लागलेली, बारीक चणीची, केसांना नवा लाल पट्टा लावलेली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि हात मागं घेताना त्यांना काय वाटलं कोण जाणे, खोक्याचं झाकण उचलून तिच्यापुढं धरलं.

“काय लिहिलंय गं यावर?”

अन्वीनं झाकणाकडं पाहिलं. “पेढे.”

“आणि खाली?”

पोरीची नजर झाकणावरून घसरून आईकडं गेली. “बाई, आज सुट्टी आहे ना!”

“काय हो बाई, आज पण परीक्षा?” प्रतीक्षा हसली. अन्वीही हसली.

झाकणावर पेढे हा शब्दच नव्हता. वर दुकानाचं नाव होतं आणि खाली ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ असं होतं.

मायलेकी गेल्यावर बाई बराच वेळ ते झाकण मांडीवर घेऊन बसल्या. सन दोन हजार एक्केचाळीस, मे महिन्याची पहिली तारीख. निकालाची तारीख मात्र अजून तीच होती, बाईंच्या लहानपणची. तेव्हा झेंडावंदन झालं की मुलं पटांगणात रांगेनं बसायची आणि गुरुजी एकेक नाव वाचायचे. पास झालेला उठून डावीकडं जायचा, नापास झालेला जागेवरच बसून राहायचा. शेवटी पटांगणात पाचसहा डोकी उरायची, ऊन चढलेलं असायचं, आणि त्यांच्याकडं कुणी बघायचं नाही. बाईंच्या वर्गातली कमल चौथीला तीनदा अशी बसून राहिली. चौथ्यांदा आलीच नाही. पुढच्या वर्षी तिला बाईंनी पाहिलं ते हळदीच्या अंगानं.

पुढं बाई स्वतः शिक्षिका झाल्या, आणि काही वर्षांनी नापास करणंच बंद झालं. सगळी पोरं दरवर्षी वर जायची. कुणी बसून राहिलं नाही, याचा बाईंना आनंद झाला होता. मग आठवीतली मुलं बसची पाटी वाचता येत नाही म्हणून कंडक्टरला विचारतात हे त्यांनी पाहिलं, आणि तो आनंद गेला. परत परीक्षा आल्या, परत गेल्या. बाई निवृत्त झाल्या. आणि मग पट्टी आली.

ती पट्टी कपाळाला बांधायची, ताप आल्यावर ओली घडी ठेवतात तिथं. आतल्या बाजूला आठ बारीक दिवे आणि आठ बारीक डोळे. दिव्यांचा प्रकाश तांबड्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा. तो कातडीतून, हाडातून पेरभर आत जातो आणि काही भाग परत बाहेर येतो. मेंदूचा जो भाग राबत असतो तिकडं प्राणवायूनं भरलेलं ताजं रक्त धावतं. ताजं रक्त हा प्रकाश एका तऱ्हेनं शोषतं आणि वापरलेलं रक्त दुसऱ्या तऱ्हेनं. म्हणून किती प्रकाश परत आला यावरून कळतं की मेंदू आत किती कष्ट करतोय. वाचायला नुकता शिकलेला मुलगा प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी जोडत जातो, तेव्हा कपाळामागं नुसती धांदल असते. चांगलं वाचणाऱ्याचा मेंदू शांत असतो. त्याला अक्षरं दिसतच नाहीत, सरळ अर्थ दिसतो.

मुलानं पट्टी बांधून उतारा मोठ्यानं वाचायचा. यंत्राचा कान शब्द तपासणार, पट्टी कष्ट तपासणार. शब्द बरोबर आणि मेंदू शांत, तर शेरा ‘सिद्ध’. शब्द अडखळते आणि मेंदूला कष्ट, तर ‘आधार’, म्हणजे त्या मुलाला रोज चाळीस मिनिटं वेगळी शिक्षिका. अशा आधार तासांसाठीच निवृत्त शिक्षकांना परत बोलावलं होतं, आणि साठी उलटलेल्या बाई परत शाळेत आल्या होत्या. योजना वाईट नव्हती. एखादं पोर किती घाम गाळतंय हे पहिल्यांदाच कुणी मोजत होतं. बाईंना पहिल्या दिवशी रडू आलं होतं; वाटलं, कमलच्या कपाळाला हे कुणी बांधलं असतं तर!

पण तीन सत्रं आधार घेऊनही कष्ट कमी झाले नाहीत, तर तिसरा शेरा होता. ‘समांतर’. त्या मुलांना जिल्ह्याच्या वसतिशाळेत पाठवत. तिथं वाचायला लावत नसत. हातकाम शिकवत, पडद्यावरून ऐकवत. मुलं सुट्टीला घरी येत.

अन्वीची दोन सत्रं अशीच गेली. अक्षरं हलतात म्हणायची. क आणि फ, घ आणि ध तिच्यापुढं जागा बदलायचे. बाईंकडं आधाराची तेवीस मुलं होती, चाळीस मिनिटांत चौघांना घ्यावं लागे. पोर हुशार होती, बोलायला चुरचुरीत होती, आणि एकदा ऐकलेलं विसरत नसे. एकदा बाईंनी मधमाशीचा उतारा तिला वाचून दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी अन्वीनं तो जसाच्या तसा म्हटला, बाईंच्या खोकल्यासकट.

तिथं बाईंची बुद्धी फिरली.

त्या तिसरीत असताना शाळेत तपासणीला साहेब यायचे. गावात अजून त्यांना दिपोटी म्हणत. दिपोटी यायच्या आठ दिवस आधी गुरुजी प्रत्येकाला एकेक धडा तोंडपाठ करून घ्यायचे. चित्र बघायचं, धडा ओळखायचा, ओळीवरून बोट फिरवायचं आणि घडाघडा म्हणायचं. साहेब खूश, गुरुजी खूश, मुलांना गूळखोबरं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पोराला वाचवायची ती रीतच होती.

पट्टी बनवणारे लोक फार शिकलेले होते, पण दिपोटीच्या आधीचे आठ दिवस त्यांनी कधी पाहिले नव्हते. तोंडपाठ म्हणणाऱ्याचाही मेंदू शांत असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. आणि एखादा उतारा किती जड आहे हे ठरवायला आधी तो हजारो मुलांच्या कपाळावर तोलून बघावा लागे, म्हणून पाचवीसाठी उतारे होते साठच. प्रत्येकाच्या माथ्यावर एक चित्र. आधाराच्या शिक्षिकांच्या डोळ्यांखालून ते सगळे गेलेले.

बाईंनी तिसऱ्या सत्रात अन्वीला अक्षर शिकवलंच नाही. साठ उतारे शिकवले. शाळा सुटल्यावर ओट्यावर बसून, शेंगा सोलता सोलता. पोर तहानल्यासारखी पीत होती. बोट कुठं फिरवायचं, ओळ संपली की नजर कशी डावीकडं आणायची, पूर्णविरामाला श्वास कधी घ्यायचा, सगळं. बाईंच्या मनात एवढंच होतं की पोर वसतिशाळेत जायला नको. एकदा सिद्ध झाली, की पुढं सहावीत सावकाश, कुणाला न कळता शिकवू.

आणि अन्वी सिद्ध झाली. यंत्रानं तिला तालुक्यातल्या वरच्या दहा टक्क्यांत धरलं.

दुसऱ्या दिवशी बाई मुख्याध्यापक वाव्हळ सरांकडं गेल्या. खुर्चीवर न बसताच म्हणाल्या, “सर, गाडेकरांच्या पोरीचे आधार तास पुढं चालू ठेवायचेत. अर्ज कुठला भरू?”

“बाई, ती सिद्ध आहे.”

“असू दे. थोडं कच्चं आहे तिचं.”

वाव्हळ सर चष्म्यावरून बघत म्हणाले, “सिद्ध म्हणजे सिद्ध. यंदाचं परिपत्रक वाचलं नाहीत का? सिद्ध झालेल्याची वाचनाची नोंद बंद. कायमची. ती उघडायची तर पुन्हा चाचणी, आणि चाचणीत मूल खरोखर अडखळलं पाहिजे.”

“अडखळेल की.”

“म्हणजे?”

सरांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग उठून दार लोटून घेतलं.

“बाई, मी काही ऐकलेलं नाही,” ते म्हणाले. “आणि तुम्ही काही बोललेल्या नाहीत.”

जूनमध्ये अन्वी बसनं हायस्कूलला जाऊ लागली. पहिले चार दिवस बसच्या खिडकीतून हात हलवायची. नंतर खिडकीत दिसेनाशी झाली. एका शनिवारी ती आपणहून बाईंच्या ओट्यावर आली, दप्तर काढून पायाशी ठेवलं आणि गप्प बसली.

“कसं आहे गं हायस्कूल?”

“तिथली पुस्तकं चांगली नाहीत, बाई.”

“का?”

“अक्षरं वेगळी आहेत. आपल्यासारखी नाहीत. मला इतिहासाच्या सरांनी उभं केलं. मी बोट फिरवलं, पण आतून काही आलंच नाही. पोरं हसली.” मग घाईनं म्हणाली, “सर म्हणाले, सिद्ध आहेस आणि नाटकं करतेस का. मी म्हटलं, मला येतं वाचायला. मशीननंच सांगितलंय.”

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. पोर खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की तिला वाचता येतं. वाचणं म्हणजे चित्र पाहून आतून येणारं ते सगळं, असंच तिला बाईंनी शिकवलं होतं.

त्या आठवड्यात बाईंनी पुन्हा चाचणीचा अर्ज केला. मूल्यमापन अधिकारी म्हणून नव्यानं आलेल्या सानिया तांबोळी मॅडम मोटारसायकलवरून आल्या, तिशीच्या आतबाहेरच्या, बोलायला तडक पण डोळ्यांत मऊ. त्यांनी अन्वीला पट्टी बांधली आणि नव्या संचातला, कुणी न पाहिलेला उतारा पुढं ठेवला. अन्वीनं चित्राकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, आणि ओठ मिटून घेतले. पाच मिनिटं. सात मिनिटं. कपाळावरच्या दिव्यांमागं काय उसळत होतं ते पडद्यावर लाल रेघांत दिसत होतं. शेवटी शेरा आला: ‘असहकार’.

“असहकार कसा?” बाई ओरडल्याच. “तिला येत नाही म्हणून गप्प आहे ती!”

“बाई, आधीची नोंद म्हणते की ही सहज वाचते,” तांबोळी मॅडम म्हणाल्या. “शहरात काय झालं माहीत आहे ना? फुकटची शिकवणी मिळते म्हणून चांगल्या वाचणाऱ्या पोरांना आईबाप गप्प बसायला शिकवायला लागले. तेव्हापासून यंत्र गप्प बसण्यावर विश्वास ठेवत नाही. आधी वाचलेलं आहे आणि आता वाचत नाही, म्हणजे मुद्दाम.”

“आधी तिनं वाचलेलंच नाही.”

“मग काय केलं?”

बाईंनी सांगितलं. दिपोटीपासून शेंगांपर्यंत सगळं सांगितलं. वाव्हळ सर खिडकीबाहेर बघत उभे होते. बाईंचं सांगून झाल्यावर तांबोळी मॅडमनी पडदा बंद केला आणि कपाळ चोळलं.

“साठ? तोंडपाठ? अकरा वर्षांच्या पोरीनं?”

“साठच्या साठ.”

“माझी नात असती तर मी तिला डोक्यावर घेतलं असतं,” वाव्हळ सर खिडकीतूनच म्हणाले. मग जीभ चावली.

“तुमच्या सांगण्यानं नोंद उघडत नाही, बाई,” तांबोळी मॅडम म्हणाल्या. “माणसाचं सांगणं यंत्र घेत नाही, त्याला यंत्राचंच काही लागतं. ती वाचत नाही, पाठ म्हणते, हे मला पट्टीवर दिसलं पाहिजे. कसं दाखवाल?”

कसं ते बाईंना त्याच क्षणी सुचलं, आणि सुचलं म्हणून त्यांना स्वतःची किळस आली.

“चित्र बदला,” त्या हळूच म्हणाल्या. “मधमाशीच्या उताऱ्यावर पवनचक्कीचं चित्र लावा.”

तांबोळी मॅडम बाईंकडं वळल्या.

“पोरीला आधी सांगणार?”

“सांगितलं तर ती तोंड उघडणार नाही. परत असहकार. नाही सांगणार.”

“तिच्या आईसमोर होईल हे. पालक हजर पाहिजेत, नियम आहे.”

“मला माहीत आहे.”

“आणि तुमची नेमणूक...”

“ते मला आधीच माहीत आहे.”

मधले चार दिवस बाईंचे कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. दोनदा त्या गाडेकरांच्या दारापर्यंत जाऊन परत आल्या. सांगावं तर पोर गप्प बसेल, नोंद बंद राहील, वर्षामागून वर्ष ती वर वर ढकलली जाईल, आणि एक दिवस बसच्या पाटीखाली उभी राहून कंडक्टरला विचारेल. न सांगावं तर... तिसऱ्या दिवशी अन्वी स्वतःच रस्त्यात भेटली.

“बाई, सोमवारी परत परीक्षा आहे. जुनाच उतारा देणार म्हणतात. मग मी दाखवते त्यांना,” ती म्हणाली. “मागच्या वेळी मी घाबरले होते ना, म्हणून.”

“हो बाळा,” बाई म्हणाल्या. रस्त्यावर दुसरं काही सुचलं नाही.

सोमवारी गावातल्या शाळेची खोली झाडून घेतली होती. प्रतीक्षा कामावरून तशीच आली होती, हाताला टोमॅटोच्या पानांचा हिरवा वास. ती लेकीच्या खुर्चीमागं उभी राहिली. वाव्हळ सर दारात. बाई समोर, भिंतीला टेकून.

तांबोळी मॅडमनी पट्टी बांधली आणि कागद ठेवला. वर तीन पात्यांची पवनचक्की. खाली मधमाशी.

अन्वीनं चित्र पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. तिनं बाईंकडं पाहून किंचित मान हलवली, जशी दोघींचीच काही गोष्ट असावी. मग पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

“टेकडीवर उंच पवनचक्क्या उभ्या होत्या,” ती स्पष्ट आवाजात म्हणाली. “जवळ गेलं की त्यांचा घुमल्यासारखा आवाज येई. सुधाकर आजोबांना म्हणाला, आजोबा, हे पंखे कुणासाठी फिरतात?”

तिचं बोट ‘मधमाश्या पोळ्यात एकत्र राहतात’ या ओळीखालून पुढं सरकत होतं. ओळ संपली तशी तिनं नजर डावीकडं आणली, नेमकी शिकवल्यासारखी. पूर्णविरामाला श्वास घेतला. मेंदू शांत. पडद्यावरची पट्टीची रेघ हिरवी आणि सपाट. आवाजाची रेघ मात्र पहिल्या शब्दापासून लाल.

प्रतीक्षा मागून हसत होती. सुरुवातीला ती नुसतं ऐकत होती. मग सवयीनं तिची नजर लेकीच्या बोटामागून कागदावर गेली. बाई तिच्याकडंच बघत होत्या, आणि त्यांनी ते हसू जाताना पाहिलं. आधी ओठ थांबले, मग डोळे. तिनं परत पहिल्या ओळीपासून वाचलं, परत बोटाकडं पाहिलं, आणि तिचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला.

कुणी तरी थांबवायला हवं होतं. तांबोळी मॅडमना दोन ओळींतच पुरावा मिळाला होता; त्यांनी हात उचलला आणि तसाच ठेवला. वाव्हळ सरांनी दाराबाहेर तोंड फिरवलं. अन्वी म्हणत राहिली. पुरता उतारा, बावीस ओळी, आजोबांच्या आवाजाच्या जागी आजोबांचा आवाज काढून. इतकं सुंदर तिनं कधी म्हटलं नव्हतं.

“...वारा दिसत नाही, पण त्याचं काम दिसतं.” बोट शेवटच्या पूर्णविरामावर थांबलं. तिनं वर पाहिलं. “बरोबर ना, बाई?”

“अन्वे,” प्रतीक्षा मागून वाकली आणि तिनं आपलं हिरवट बोट कागदावर ठेवलं. “इथं मधमाशी लिहिलंय गं.”

अन्वी हसली, आई थट्टा करते असं वाटून. मग तिनं आईच्या तोंडाकडं पाहिलं. मग कागदाकडं. चित्राकडं. मग बाईंकडं, आणि बाईंवर तिची नजर राहिली. तिनं कपाळावरची पट्टी दोन्ही हातांनी सोडवली, घडी घालून टेबलावर ठेवली, आणि वाव्हळ सरांच्या बाजूनं बाहेर निघून गेली.

प्रतीक्षा तिच्यामागं गेली नाही. ती बाईंसमोर आली. “सगळ्यांसमोर?” एवढंच म्हणाली. “माझ्या पोरीचं, सगळ्यांसमोर?”

कागदपत्रं त्याच दुपारी झाली. आधीच्या सगळ्या चाचण्या रद्द. अन्वी परत पाचवीत, आधाराच्या यादीत. दोन सत्रं तिची खरोखर वापरून झाली होती, म्हणून तिच्या हातात एकच सत्र उरत होतं, दिवाळीपर्यंतचं. तोवर वाचायला लागली तर ठीक. नाही तर वसतिशाळा. मंदाकिनी डुंबरे यांची आधार शिक्षिका म्हणून नेमणूक आजपासून संपली, खाली सही. बाईंनी सही केली. त्यांच्या जागी कुणी येणार होतं ते पाच शाळांना मिळून एक, मंगळवारी आणि शुक्रवारी.

“एवढ्यात वाचेल का ती?” तांबोळी मॅडमनी कागद गोळा करता करता विचारलं.

“चाळीस मिनिटांत चार पोरं घेऊन नाही वाचणार,” बाई म्हणाल्या.

पुढचे दहा दिवस बाईंच्या ओट्यावर कुणी आलं नाही. गावात बोलणी झाली. कुणी म्हणालं, म्हातारीनं पोरीचं वाटोळं केलं. कुणी म्हणालं, पास झाली होती, कशाला उकरून काढलं. दूधवाल्यानं दूध ठेवलं आणि नेहमीसारखं ‘बाई, बरं आहे ना?’ विचारलं नाही. बाई सकाळी दहाला कपडे करून बसायच्या, चाळीस वर्षांची सवय, आणि मग कुठं जायचं नाही हे आठवायचं.

अकराव्या दिवशी प्रतीक्षा आली. अन्वीला दंडाला धरून आणलं होतं. पोर पाय रोवत होती, आई ओढत होती.

“बस इथं,” ती लेकीला म्हणाली. मग बाईंकडं वळली. डोळे कोरडे, आवाज कडक. “नवा मास्तर दोनदा आला. एकदा तर मोबाईलवर बोलण्यातच तास गेला. तुम्हीच बिघडवलंत, आता तुम्हीच नीट करा. रोज तीनला आणून बसवीन, पाचला न्यायला येईन. मी तुमच्याशी बोलणार नाही. पण माझी पोर त्या वसतिशाळेत जाता कामा नये.”

“प्रतीक्षा...”

“म्हटलं ना, मी बोलणार नाही.” ती गेली.

अन्वी ओट्याच्या कडेला, पाठ करून बसली. रस्त्यावर एक कोंबडी माती उकरत होती, तिच्याकडं बघत. तोंड न वळवता तिनं विचारलं, “तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?”

“काय?”

“मला येत नाही ते.”

“हो.”

“पेढे आणले तेव्हा पण?”

“तेव्हा पण.”

“मग मला का नाही सांगितलं?”

चाळीस वर्षांत मुलांनी बाईंना हजारो प्रश्न विचारले होते. आकाश निळं का, देव कुठं राहतो, तुम्हाला मूल का नाही. त्या कधी गप्प बसल्या नव्हत्या.

“तू नापास होशील म्हणून भ्याले मी,” त्या शेवटी म्हणाल्या.

“झालेच की.”

कोंबडी पलीकडं गेली. बाईंनी मांडीवरचं पुस्तक उघडलं. नवं होतं, मुद्दाम तालुक्याहून आणलेलं, एकही चित्र नसलेलं. त्यांनी ते ओट्यावर दोघींच्या मध्ये ठेवलं आणि हात मागं घेतला. अन्वी वळली नाही. मग वळली. पुस्तक पुढं ओढून तिनं पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं, इतकं दाबून की नख पांढरं झालं.

कोपऱ्यावरून हायस्कूलची बस आली. तिच्या वर्गातली होती ती पोरं. “ए सिद्ध!” खिडकीतून कुणीतरी ओरडलं आणि बस हसत गेली. अन्वीचे कान लाल झाले. बोट हललं नाही.

पहिला शब्द बाईंच्या जिभेवर तयार होता. पोर अडली की शब्द पुरवायचा, आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

अन्वीचे ओठ हलले, थांबले, परत हलले. कपाळावर घामाचे थेंब आले.

“क,” ती म्हणाली.

तो फ होता. बाईंनी पदराचा बोळा तसाच धरला. अन्वीनं चोरून त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, तिथं काही मिळालं नाही, तशी तिनं परत मान खाली घातली. बराच वेळ गेला.

“नाही,” ती म्हणाली. “थांबा.”